छात्रसेना : शरीर, बुद्धि आणि पुढारपण

१७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. त्या दिवशीं, तसेंच १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, मराठवाड्याच्या गांवोगांवीं ध्वजवंदन होतें. आणि ज्या गांवच्या शाळेंत छात्रसेनेची तुकडी असेल तेथें खाकी पोषाखांतील विद्यार्थी ओळीनें चालत येऊन ध्वजाला मानवंदना देतात. पाहणाऱ्यांची दृष्टि बहुधा त्यांच्या पायांवर खिळते. सर्वांचे पाय एकदम उचलले जातात, एकदम टेकतात, आणि लोक समाधानानें मान डोलावतात. परंतु त्याच गर्दींत एखादा पालक असाही असतो कीं, तो मनांत विचारतो : हें सारें दिसावयास ठीक आहे; पण पाय आपटल्यानें मुलाला काय येतें? दहावीच्या परीक्षेंत ह्याचा उपयोग कोणता? आणि ज्याला पुढें शेतीच करावयाची आहे त्यानें हा पोषाख चढवून उन्हांत उभें तरी कां राहावें?

हे प्रश्न रास्त आहेत. आणि परभणी जिल्ह्यांतील पालमसारख्या गांवीं त्यांना अधिकच धार येते. गंगाखेड आणि लोहा ह्यांच्या दरम्यान वसलेलें हें तालुक्याचें ठिकाण. तालुक्याच्या शिवारांतून गोदावरी वाहते. जमीन काळी, आणि बहुतेक घरांचा प्रपंच ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन ह्या पिकांवर चालतो. हंगामाच्या दिवसांत तेथील पालकाच्या लेखीं मुलाचा एक तास म्हणजे शेतांतील एका माणसाचा एक तास होय. तो तास कवाइतीला द्यावयाचा, तर त्याचें मोल त्याला पटलें पाहिजे. केवळ 'शिस्त लागते' एवढ्या उत्तरानें त्याचें समाधान व्हावयाचें नाहीं, आणि तें होऊंही नये.

छात्रसेनेच्या शिक्षणाचे तीन भाग सांगतात : शरीर कमावणें, बुद्धीला वळण लावणें आणि पुढारपण शिकणें. हे तीन भाग वेगवेगळ्या तासांत वांटून दिलेले वेगवेगळे विषय आहेत असें समजलें, कीं तें शिक्षण फसतें. वस्तुतः ते तिन्ही मिळून एकाच गोष्टीची तयारी करून घेतात. आणि ती गोष्ट म्हणजे, एका मुलानें आपल्या बरोबरीच्या आठदहा मुलांची जबाबदारी घेणें व ती निभावणें. ही एक दृष्टि धरून पाहिलें म्हणजे कवाइतीचा, नकाशाचा आणि शिबिराचा अर्थ लागत जातो.

प्रथम ह्या संस्थेचा इतिहास थोडक्यांत पाहणें जरूर आहे. इंग्रजी राज्यांत विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्यास आरंभ झाला तो शाळांतून नव्हे, तर महाविद्यालयांतून. पहिल्या महायुद्धांत सैन्याला माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९१७ सालीं विद्यापीठांतून एक दल उभारण्यांत आलें. १९२० च्या कायद्यानें त्याचें युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झालें. आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, त्यालाच युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर असें नांव मिळालें. हायस्कुलांतील मुलगा मात्र ह्या सर्व व्यवस्थेच्या बाहेर राहिला. अमेरिकेनें १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यानें हायस्कुलांसाठींही अशी योजना केली होती; हिंदुस्थानांत तशी दृष्टि सरकारास नव्हती, कारण परक्या सत्तेला सैनिक हवे होते, पुढारी नको होते.

महाराष्ट्रांत ही उणीव खासगी प्रयत्नांनीं भरून काढण्याची खटपट झाली. पुण्यास १९३२ सालीं श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघालें, आणि नाशिकास डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे ह्यांनीं १९३७ सालीं भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. हीं विद्यालयें नांवारूपास आलीं; पण निवासी विद्यालयाचा खर्च ज्याला झेपेल त्याच्याच मुलाला त्यांचा लाभ. खेड्यांतील सामान्य शाळेंत शिकणाऱ्या मुलापर्यंत तो प्रकाश पोहोंचावयाचा होता.

तें काम १९४६ सालीं नेमलेल्या एका समितीनें केलें. तिचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू. नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे हे अध्यक्ष. म्हणजे सेनापति नव्हेत, तर जन्मभर लोकसेवेचें व्रत घेतलेले गृहस्थ. छात्रसेनेची कल्पना अशा माणसाच्या समितीनें आंखावी, ह्यांत तिच्या स्वरूपाचें मर्म आहे. समितीनें १९४७ च्या मार्चमध्यें अहवाल सादर केला, १९४८ च्या एप्रिलमध्यें कायदा झाला, आणि १५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वांत आली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. हेच पुढें १९७३ ते १९७५ ह्या काळांत भारताचे भूदलप्रमुख होते. महाविद्यालयांसाठीं वरिष्ठ विभाग आणि शाळांसाठीं कनिष्ठ विभाग अशी रचना ठरली, आणि पुढच्याच वर्षीं, १९४९ सालीं, मुलींचा विभागही सुरू झाला. आरंभीं सुमारें २०,००० छात्रांनिशीं उभी राहिलेली ही सेना इतकी वाढली कीं, २०२४ सालीं तिची मंजूर संख्या २० लाखांवर नेण्याचें ठरलें.

सदर कायद्यांतील एक तरतूद पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. छात्रसेनेंत नांव घातल्यानें कोणाही विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष युद्धसेवेचें बंधन पडत नाहीं. छात्र हा सैनिक नव्हे. तो सैन्यांत गेला तर चांगलेंच; न गेला तरी त्याचें शिक्षण वायां गेलें असें कायदाही मानीत नाहीं.

१५ जुलै १९४८ रोजीं छात्रसेना निघाली तेव्हां पालम स्वतंत्र भारताच्या कक्षेंत नव्हतें. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि संस्थान मुक्त झालें तें त्यानंतर दोन महिन्यांनीं. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. ज्या प्रदेशांतील मराठी मुलाला मायबोलींत शाळा मिळण्याचीही मारामार होती, त्या प्रदेशाला अशा शिक्षणाचें अगत्य अधिक असावें हें स्वाभाविकच आहे.

इतिहासांतील आणखी एक धडा उपयोगी आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ सालीं, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हें शिक्षण सक्तीचें करण्यांत आलें. पण १९६८ सालीं ती सक्ती उठवून तें पुन्हां ऐच्छिक केलें गेलें. हेतु कितीही उदात्त असला, तरी जबाबदारी उचलण्याची वृत्ति हुकुमानें उत्पन्न होत नाहीं. ज्याला ती शिकावयाची आहे त्यानें स्वतः होऊन पुढें यावें लागतें. छात्रसेनेंतील मुलगा एकदां आंत आल्यावर आज्ञा पाळतो, हें खरें. पण आंत येतांना तो आपल्या इच्छेनें येतो, आणि ह्या दोन गोष्टींच्या जोडीवरच सर्व इमारत उभी आहे.

आतां शरीराच्या शिक्षणाकडे वळूं. कवाइतींतील चालीला माप आहे. 'तेज चल' ह्या हुकुमावर चालणारा छात्र दर मिनिटास १२० पावलें टाकतो, आणि त्याचें प्रत्येक पाऊल ३० इंचांचें असतें. म्हणजे मिनिटाला ३,६०० इंच, अर्थात् १०० यार्ड. आणि तासाला सुमारें साडेपांच किलोमीटर. हें माप उंच मुलाला अपुरें वाटतें आणि ठेंगण्याला जड जातें. उंच मुलाला आपली ढांग आवरावी लागते, ठेंगण्याला आपली ताणावी लागते. दोघेंही एकाच मापांत येतात तेव्हांच ओळ सरळ राहते. पाऊल मिळविणें म्हणजे नुसता देखावा नव्हे. आपल्या शेजाऱ्याची शक्ति किती आहे हें शरीरानें ओळखणें होय.

अंग कमावण्याचा नियम सर्वत्र एकच आहे : भार थोडाथोडा वाढवावा आणि प्रत्येक वाढीनंतर विश्रांति द्यावी. स्नायु श्रमांत झिजतो आणि विश्रांतींत बळावतो. ज्या मुलाला आज एक किलोमीटर धांवल्यावर धाप लागते त्याला उद्यां चार किलोमीटर पळविणें हा पराक्रम नव्हे, अज्ञान होय. महाराष्ट्राला ही दृष्टि नवी नाहीं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी व्यायामाला शास्त्राची शिस्त आणली. रोज थोडें, पण न चुकतां, हें त्या परंपरेचें सूत्र छात्रसेनेच्या मैदानावरही तितकेंच खरें आहे.

मराठवाड्यांत ह्याला उन्हाची जोड आहे. मे महिन्यांत परभणीकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पावसाळ्याच्या उघडिपींतही ऊन सोसवत नाहीं. ध्वजवंदनाच्या वेळीं एखादा मुलगा उभ्याउभ्या कोसळतो, आणि लोक म्हणतात कीं, पोरगा नाजूक आहे. खरें कारण निराळें असतें. मनुष्य चालत असतांना पोटऱ्यांचे स्नायु रक्त वर ढकलीत असतात. तो निश्चल उभा राहिला कीं रक्त पायांत सांचूं लागतें. उष्णतेनें रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, त्यांत सकाळचें पोट रिकामें असलें म्हणजे मेंदूकडे रक्त कमी पोहोंचतें आणि शुद्ध हरपते. म्हणून जाणता शिक्षक मुलांना निघण्यापूर्वीं पाणी पाजतो, भाकरीचा तुकडा तरी खाऊन येण्यास सांगतो, आणि 'सावधान' असतांनाही बुटाच्या आंत पायांचीं बोटें हलवीत राहण्याची युक्ति शिकवितो. कोणी कोसळलाच, तर त्याला उठवून बसविण्याची घाई करूं नये. सावलींत आडवा करावा, पाय थोडे उंच ठेवावे, गळ्याचें बटण सैल करावें. तो शुद्धीवर येईपर्यंत तोंडांत पाणी घालूं नये. अंग तापून निघालें असेल आणि मूल असंबद्ध बोलत असेल, तर तें उष्माघाताचें लक्षण. त्याचें अंग ओल्या कपड्यानें गार करीत तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

ही माहिती ज्याला आहे तो छात्र पुढें शेतांत गेला तरी तिचा उपयोग करील. वैशाखांत नांगरटीवर असलेला मनुष्य बांधावर कोसळला, तर त्याच्या भोंवतीं घोळका करून उभे राहणारे पुष्कळ असतात. घोळका दूर सारून काय करावें हें जाणणारा एक असला तरी जीव वांचतो.

आहाराविषयींही असेंच. कमावलेल्या अंगासाठीं महागड्या डब्यांतील भुकट्या लागतात अशी समजूत अलीकडे तरुणांत पसरली आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचें किंवा मुगाचें वरण, भुईमुगाचे दाणे, पालेभाजी आणि मिळेल तेव्हां दूध किंवा अंडें, एवढें ज्याला वेळेवर मिळतें त्याचें अंग कवाइतीला कमी पडत नाहीं. धान्य आणि डाळ एकत्र खाल्लीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. पालमच्या घरांतील साधें ताट ह्या दृष्टीनें गरीब नाहीं. तें वेळेवर व पुरेसें मिळावें, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरा भाग बुद्धीचा. येथें पालकांची भीति अशी असते कीं, कवाईत अभ्यासाचा वेळ खाते. ही भीति अगदींच निराधार नाहीं. जेथें समारंभाच्या तयारीसाठीं आठ आठ दिवस वर्ग बुडतात, तेथें दोष कवाइतीचा नसून वेळ आंखणाऱ्याचा असतो. कनिष्ठ विभागाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. आठवी व नववी ह्या इयत्तांत तो पुरा करून छात्राला 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा देतां येते, आणि दहावीचें वर्ष मोकळें राहूं शकतें. शाळेनें एवढी आंखणी केली, तर परीक्षा आणि छात्रसेना ह्यांत वैर उरत नाहीं.

परंतु केवळ वैर नसणें पुरेसें नाहीं. छात्रसेनेचें शिक्षण वर्गांतील शिक्षणाला जिवंत करूं शकतें, आणि त्याचें उत्तम साधन म्हणजे नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ज्या नकाशावर छात्र शिकतात त्याचें प्रमाण एकास पन्नास हजार. म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर हें जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावरच्या चौकटींच्या साहाय्यानें सहा आंकड्यांत एखादें ठिकाण सांगितलें, तर तें शंभर मीटरांच्या आंत सांपडतें. होकायंत्रानें दिशेचा अंश काढावा. परत यावयाचें झाल्यास त्यांत १८० मिळवावे किंवा वजा करावे. ज्या मुलाला वर्गांत कोन म्हणजे वहीवरील दोन रेघा वाटतात, त्याला येथें कळतें कीं, कोन चुकला तर गांव चुकतें.

ह्याहून सुंदर उदाहरण नदीचें पात्र मोजण्याचें आहे. पैलतीरावर अगदीं समोर असलेलें एक झाड धरावें. आपण उभे आहों त्या जागीं एक काठी रोवावी. तेथून काटकोनांत वळून तीराच्या कडेनें पन्नास पावलें चालावें व दुसरी काठी रोवावी. त्याच रेषेंत आणखी पन्नास पावलें जाऊन थांबावें. आतां नदीकडे पाठ करून, पुन्हां काटकोनांत, सरळ चालूं लागावें आणि मधून मधून मागें पाहावें. ज्या क्षणीं दुसरी काठी आणि पैलतीरचें झाड एका रेषेंत दिसतील, तेथें थांबावें. ह्या शेवटच्या चालींत जितकीं पावलें पडलीं तितकीच नदीची रुंदी. कारण दोन्ही बाजूंना झालेले त्रिकोण एकरूप आहेत : एक बाजू समान, आणि तिच्या दोन टोकांचे कोन समान. शेवटचीं पावलें पन्नास भरलीं, तर पाऊल ३० इंचांचें धरून रुंदी सुमारें ३८ मीटर येते. पाण्यांत पायही न घालतां हें मोजमाप होतें.

येथें शरीर आणि बुद्धि ह्यांची गांठ कशी पडते तें पाहावें. ज्याचें पाऊल कवाइतीनें मापांत आलेलें नाहीं त्याचें उत्तर चुकेल. आणि ज्याला एकरूप त्रिकोण समजला नाहीं त्याला पाऊल मापांत असूनही कोठें थांबावें तें कळणार नाहीं. पाय आणि प्रमेय दोन्ही लागतात. गोदावरीच्या कांठच्या मुलांना हा पाठ उन्हाळ्यांत एखाद्या ओढ्याच्या उथळ व सुरक्षित पात्रावर करून दाखविला, तर भूमितीचें पुस्तक त्यांना परकें वाटणार नाहीं.

नेमबाजीचेंही असेंच. छात्राला .२२ बोअरच्या हलक्या बंदुकीनें निशाण साधावयास शिकवितात. त्यांत बळाचें काम फार थोडें. श्वास अर्धा सोडून क्षणभर रोखावा, घोडा झटक्यानें न ओढतां हळूच दाबीत जावा, आणि गोळी केव्हां सुटेल ह्याची उत्कंठाही मनांत ठेवूं नये. ज्याचें मन उतावीळ त्याचा नेम चुकतो. शस्त्र हातांत घेण्याचा पहिला धडा संयमाचा असतो, हें ज्यांनीं तें कधीं हातीं धरलें नाहीं त्यांना बहुधा ठाऊक नसतें.

तिसरा भाग पुढारपणाचा. आणि सर्वांत अधिक गैरसमज ह्याच्याविषयींच आहे. पुढारी म्हणजे मोठ्यानें बोलणारा, पुढच्या खुर्चीवर बसणारा, दुसऱ्याकडून काम करून घेणारा, अशी जी समजूत गांवोगांवीं दृढ झाली आहे ती छात्रसेनेच्या मैदानावर टिकत नाहीं. तेथें मुलगा साधा छात्र म्हणून येतो. काम पाहून त्याला लान्स कॉर्पोरल, मग कॉर्पोरल, मग सार्जंट अशा पायऱ्या चढावयास मिळतात. पण बाहीवर फीत चढली कीं त्याचें काम वाढतें. सुख वाढत नाहीं.

कवाइतीच्या हुकुमाचीच रचना पाहावी. प्रत्येक हुकुमाचे दोन भाग असतात : पहिला सूचनेचा, दुसरा कृतीचा. 'दाहिने' म्हटल्यावर कोणी वळत नाहीं. 'मुड़' म्हटल्यावर सारे वळतात. ह्या दोन शब्दांमध्यें जो क्षणाचा अवकाश आहे तो मागच्या रांगेंतील मुलाला तयार होण्यासाठीं ठेवलेला आहे. नवशिका नायक घाईनें दोन्ही शब्द जोडून टाकतो, आणि ओळ मोडते. मग तो मुलांवर रागावतो. जाणता शिक्षक त्या वेळीं मुलांना नव्हे, नायकाला थांबवितो. आज्ञा देणाऱ्यानें ज्यांना आज्ञा द्यावयाची त्यांची तयारी झाली आहे कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे; ओळ मोडली तर पहिला दोष आज्ञेचा. पुढारपणाचें सारें शास्त्र ह्या एका क्षणांत सांठविलेलें आहे.

हेंच शिक्षण वार्षिक शिबिरांत दहा दिवस अहोरात्र चालतें. तेथें तंबू ठोकावयाचा असतो, पाणी भरावयाचें असतें, जेवणाची रांग लावावयाची असते, रात्रीचा पहारा द्यावयाचा असतो. तुकडीच्या नायकाची परीक्षा मैदानापेक्षां येथें अधिक होते. सर्वांना ताट मिळालें कीं नाहीं हें पाहून मग आपण जेवणें, ज्याच्या पायाला फोड आला आहे त्याचें ओझें वांटून घेणें, घरच्या आठवणीनें जो रात्रीं पांघरुणांत रडतो त्याची चेष्टा होऊं न देणें, हीं कामें पुस्तकांत लिहिलेलीं नसतात. जातीपातीनें, पैशानें, गांवानें वेगळीं असलेलीं मुलें तेथें एका पंक्तीला बसतात, आणि एकाची चूक साऱ्या तुकडीच्या अंगाशीं येते. 'एकता आणि अनुशासन' हें छात्रसेनेचें ब्रीद आहे. त्यांत एकतेचा शब्द पहिला घातला आहे, तो उगीच नव्हे.

ह्याच ठिकाणीं धोकाही आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं दुसऱ्या मुलांवरचा अधिकार दिला आणि त्यावर कोणाची नजर नसली, तर तो अधिकार छळाकडे वळूं शकतो. लहानांना उठाबशा काढावयास लावणें, आपले बूट पुसून घेणें, अपमान करणें, ही शिस्त नव्हे. शिस्तीच्या पोषाखांतील गुंडगिरी होय. जेथें असें घडतें तेथें दुबळा मुलगा मुकाट्यानें नांव काढून घेतो, आणि ज्याला ह्या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती तोच त्याला मुकतो. म्हणून नायकपण आळीपाळीनें फिरतें ठेवावें. आज जो हुकूम देतो त्यानें उद्यां ओळींत उभें राहावें. आज्ञा पाळण्याचा अनुभव ताजा असला म्हणजे आज्ञा देतांना जीभ आपोआप आवरते.

अर्थात् हें सारें अखेर शिक्षकावर अवलंबून आहे. सैन्यांतून आलेले हवालदार कवाईत आणि शस्त्र शिकवितात. पण शाळेंतील तुकडीचा भार शाळेच्याच एका शिक्षकावर असतो. त्याला त्यासाठीं स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें. पुरुष शिक्षकांसाठीं हें विद्यालय नागपुराजवळ कामठीस आहे, आणि स्त्री शिक्षकांसाठीं ग्वाल्हेरीस. तेथून तो थर्ड ऑफिसर होऊन परततो, आणि पुढें आपले विषयाचे तास संभाळून हें काम करितो. ज्या शाळेंत असा एक शिक्षक उत्साही असतो तेथें तुकडी नांदते. त्याची बदली झाली वा तो निवृत्त झाला, आणि दुसरा तयार केलेला नसला, कीं पोषाख कपाटांत पडून राहतात. तेव्हां संस्थाचालकांनीं आपल्या दुसऱ्या शिक्षकाला वेळींच तयार करावें, हें त्यांचें कर्तव्य आहे.

ज्यांना पुढें सैन्यांतच जावयाचें आहे त्यांच्यासाठीं महाराष्ट्रांत वाटा आहेत. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं साताऱ्यास निघाली. मराठवाड्यांत १९७७ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, राज्य सरकारनें सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर तेथें निवड झालेल्या मुलांची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठीं दोन वर्षें तयारी करून घेतात. मुलींसाठीं तशीच संस्था २०२३ सालीं नाशिकास सुरू झाली. पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या प्रबोधिनींत २०२२ सालीं मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि तिच्यांतील सतरा जणी ३० मे २०२५ रोजीं शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. ज्या घरांत मुलीला मैदानावर पाठविण्यास अजून संकोच वाटतो, त्या घरानें एवढी एक गोष्ट मनाशीं धरावी.

परंतु हें विसरूं नये कीं, शंभर छात्रांपैकीं फार थोडे ह्या वाटांनीं जातील. बाकीचे शेती करतील, दुकान घालतील, शिक्षक होतील, पंचायतींत निवडून येतील, घर चालवितील. त्यांच्यासाठींच ह्या शिक्षणाचा खरा हिशेब मांडला पाहिजे. गोदावरीला पूर आला असतां कोणाला आधीं हलवावें हें ठरविणें, गांवच्या विहिरीच्या कामावर माणसांची पाळी लावणें, रस्त्यावरच्या अपघातांत जखमीचें रक्त दाबून धरणें, बचत गटाचा हिशेब सर्वांसमोर ठेवणें, ह्या प्रसंगीं गांवाला सैनिक नको असतो. गांवाला असा मनुष्य हवा असतो कीं, ज्याचें अंग काटक आहे, डोकें शांत आहे, आणि ज्याला आपल्याआधीं दुसऱ्याचें ताट दिसतें.

ज्या शाळेला छात्रसेनेची तुकडी अद्यापि मिळालेली नाहीं तिनेंही स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. बंदूक आणि फीत तेवढी मिळणार नाहीं. बाकी पुष्कळ मिळण्याजोगें आहे. आठवड्यांतून दोन सकाळीं मैदान, महिन्यांतून एकदां नकाशा व पावलांचें मोजमाप, प्रथमोपचाराचे चारदोन पाठ, आणि दहा दहा मुलांच्या गटांत आळीपाळीनें नायकपण, एवढ्याला सरकारी मंजुरी लागत नाहीं. लागतो तो एक शिक्षक, एक दोरी, चार काठ्या आणि वर्षभर न चुकण्याचा निश्चय.

पालमच्या पालकाचा प्रश्न होता कीं, ह्या एका तासाचें मोल काय? त्याचें उत्तर शाळेनें कागदावरच्या प्रमाणपत्रांत दाखवूं नये. तो तास दिलेला मुलगा घरीं अधिक कामाचा झाला, अभ्यासांत अधिक नेमका झाला, आणि आपल्याहून लहान भावंडांशीं बोलतांना त्याचा आवाज चढण्याऐवजीं उतरला, असें जर पालकाच्या डोळ्यांना दिसलें, तर तो पुढच्या वर्षीं धाकट्या मुलीलाही स्वतः होऊन मैदानावर पाठवील. आणि असें कांहींच दिसलें नाहीं, तर पाउलें कितीही जुळोत, त्या शाळेनें आपली कवाईत पुन्हां पहिल्यापासून तपासून पाहावी.